हाडाशी बोलणारा

दिसायला तो अगदीच किरकोळ. मानेमागून वळून आलेली एक काळी तार, तिच्या दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढे दोन गुळगुळीत ठोकळे, त्यातल्या एकाच्या पोटाशी तीन-चार बारीक बटणं. वजन तीसेक ग्रॅम. खिशात आहे की पडला, हे हात घालूनच बघावं लागतं. त्याला वायर नाही, झाकण नाही, चार्जरची पिन खुपसायला भोक नाही, कानात घालायचं बोंडही नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो केसांचा बेल्ट वाटतो, नाहीतर कमी ऐकू येणाऱ्याचं मशीन. औंढा नागनाथ तालुक्यातल्या आमच्या घरी भाच्यानं तो पुण्याहून आणून ओसरीवर ठेवला, तेव्हा आजीनं उचलून डोळ्यांजवळ नेला, उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याचा राहिलेला अर्धा कुठं ठिवलास?"

पोहताना गाणी ऐकायचा हेडफोन. एवढीच त्याची ओळख, आणि आमच्या भागात एवढी ओळखही हसू यायला पुरेशी. ज्या जिल्ह्यात एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसतो आणि प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागते, तिथं पोहायचं पाणी आणि वर त्यात गाणी! पण वस्तू आपला जन्म कुठं झाला आणि आपण आलो कुठं याचा विचार करत नाही. हा आला आणि ओसरीवर पडून राहिला.

स्वभावानं तो घुमा. बटण दाबलं तरी काही बोलत नाही. कानाजवळ धरला तर लांबच्या देवळात भजन चालू असावं इतपत कुजबुज. भाच्यानं त्याचं एक टोक ओसरीवरच्या स्टीलच्या डब्यावर टेकवलं आणि डबाच गायला लागला. रिकामा डबा, वर झाकण, आत काही नाही, आणि प्रल्हाद शिंदे स्वच्छ ऐकू येतायत. आजीनं झाकण उघडून आत पाहिलं. मग भाच्यानं ते टोक तिच्या कानापुढच्या हाडावर टेकवलं. तिनं डोळे मिटून घेतले, थोड्या वेळानं उघडले, दोन्ही हातांनी कान झाकून पुन्हा ऐकलं. कान झाकल्यावर गाणं अजून मोठं झालं होतं. "कान बंद करून जास्त ऐकू यायलंय की रे!" हे काही तिला पटेना.

पटण्यासारखं नाहीच ते, पण खरं आहे. आपण कानानं ऐकतो म्हणतो तेव्हा हवेतून आलेला आवाज पडद्यावर आदळतो, तीन इवलीशी हाडं तो धक्का आत पोचवतात आणि आतल्या शंखात, ज्याला डॉक्टर कॉक्लिया म्हणतात, तो धक्का मज्जातंतूंच्या हवाली होतो. शंख कवटीच्या हाडातच रुतलेला आहे. हाड थरथरवलं तरी त्याचं काम भागतं. हा घुमा पडद्याच्या आणि त्या तीन हाडांच्या भानगडीत फारसा पडत नाही. थेट कवटीला हलवतो. आणि कानाचं दार बंद केलं की हाडातून आत आलेला खर्जाचा भाग बाहेर निसटत नाही, म्हणून गाणं भरदार होतं. आपलाच आवाज कानांत बोटं घालून ऐकला तर घुमतो, त्यातलाच हा प्रकार.

हवेला वगळून घन वस्तूतून आवाज येतो हे शिकायला आमच्या हिंगोली जिल्ह्याला खरं तर कुठल्या यंत्राची गरज नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आजूबाजूच्या गावांत गेली काही वर्षं जमिनीच्या पोटातून गूढ आवाज येतात. मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे वाजतात, लोक बाहेर येऊन उभे राहतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजता आणि पुन्हा १० जुलैला सकाळी सातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा जिल्हाभर पेंगुळलेली माणसं अंगणात होती. पायाला कळतं, भिंतीला कळतं, मग कानाला कळतं. हेच सूत्र त्या तीस ग्रॅमच्या ठोकळ्यात एका शिष्ट कारणासाठी वापरलं आहे. तिथं घरातून पळवण्यासाठी, इथं करमणुकीसाठी, एवढाच फरक.

पाण्यात उतरला की याची खरी तब्येत खुलते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात जवळजवळ १,४८०. चौपटीहून जास्त. इतक्या वेगानं आलेला आवाज डाव्या आणि उजव्या कानात जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून पाण्याखाली कुठून कोण ओरडतंय ते समजत नाही. आवाज डोक्याच्या मधोमध उगवल्यासारखा वाटतो. तसंही कानाच्या नळीत पाणी भरलं की पडद्याचं काम मंदावतं आणि माणूस बराचसा हाडांनीच ऐकायला लागतो. म्हणजे पाण्याखाली आपण सगळेच या घुम्याच्या जातीचे होतो. तोंड पाण्यात असलं की तो मोकळेपणानं गातो. श्वासासाठी मान वळवून कान हवेत काढला की गाणं पातळ होतं, पाण्याचा चुबुक चुबुक आवाज मध्ये येतो, मग मान खाली गेली की पुन्हा भरतं. तीन हात, एक श्वास, असा पोहणाऱ्याचा ठेका असतो, तो गाण्याच्या ठेक्याला छेदून जातो. दादऱ्यातलं काही असेल तर कधी कधी जमूनही जातं.

फोनशी मात्र याचं वाकडं आहे. त्याचं कारण भाच्याला समजायला वेळ लागला आणि विकणारे ते ठळक अक्षरांत लिहीत नाहीत. आजकाल बहुतेक हेडफोन ब्लूटूथवर चालतात. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे घरातला मायक्रोवेव्ह ज्या पट्ट्यात पाणी तापवतो त्याच पट्ट्यातल्या. पाणी त्या गिळतं. वीतभर पाण्यातच लहर मरते. फोन काठावर टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावा आणि आत आपण गाणी ऐकावीत हा बेत पहिल्याच बुडीत फसतो. मनगटावर घड्याळ बांधून त्यातून ऐकायचं म्हटलं तरी हात पाण्यात गेला की गाणं तुटतं, वर आला की जोडलं जातं. म्हणून पोहणाऱ्यांसाठी नीट विचार करून बनवलेल्या हेडफोनच्या पोटातच गाण्यांचा साठा असतो. शॉक्झ कंपनीच्या ओपनस्विममध्ये चार जीबी, सोनीच्या वॉकमन डब्ल्यूएस ४१३ मध्येही चार जीबी. हजारभर गाणी सहज मावतात. पाण्यात शिरण्याआधी काय ऐकायचं ते ठरवून, संगणकाला जोडून, फाइल उचलून भरायची. एकदा पाण्यात गेलात की यादी संपली. मधेच कुणी सुचवणार नाही, आवडलं नाही तर शोधून दुसरं लावता येणार नाही. फार तर पुढचं. शिदोरी बांधून निघालेला जुन्या वळणाचा प्रवासी आहे हा.

इथंच भाच्याची पंचाईत झाली. तिशीतला, महिन्याला पैसे भरून लाखो गाणी ऐकणारा हा पोरगा. ओसरीवर वाजलेलं ते एक गाणं सोडलं तर त्याच्याकडे स्वतःची अशी गाण्याची एकही फाइल नव्हती. सगळं भाड्याचं. भाड्याचं गाणं ॲपबाहेर निघत नाही आणि घुम्याला ॲप कळत नाही, त्याला साधी एमपीथ्री लागते. पुण्यात बसून ज्याचं उत्तर मिळालं नाही ते हिंगोलीत मिळालं, बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात. पंधरा वर्षांपूर्वी अशी दुकानं गावोगाव होती. फोनचं मेमरी कार्ड काढून द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, "काय टाकू?" असं दुकानदार विचारायचा. भजनं, भीमगीतं, भारुडं, लग्नाची बँडवरची, जुनी हिंदी, "नवीन आलेली". अर्ध्या तासात कार्ड भरून मिळायचं. हक्कांचा, परवान्याचा प्रश्न त्या काउंटरवर कधी कुणी काढला नाही, गायकाच्या घरी त्यातला एक रुपया गेला नाही, हेही सांगून टाकायला हवं. पण मराठवाड्यातल्या खेड्यांचं एका पिढीचं संगीत या दुकानदारांच्या हार्डडिस्कनं जपलं, हेही तितकंच खरं. इंटरनेट स्वस्त झाल्यावर त्यांचा हा धंदा बसला. कव्हर, काच आणि चार्जर विकून ते टिकले. आमच्या या दुकानदाराची हार्डडिस्क मात्र अजून जिवंत होती. घुम्याच्या चार जीबीत त्यानं आजीच्या सांगण्यावरून पंडित भीमसेन जोशींनी गायलेले नामदेवांचे अभंग भरले, भाच्याच्या सांगण्यावरून लताबाई, आणि स्वतःच्या मर्जीनं आनंद शिंदे. "पवताना ठेका लागतो सायेब," म्हणाला.

नामदेव इथलेच. त्यांचं नर्सी गाव कयाधूच्या काठी आहे आणि औंढ्याला त्यांचं कीर्तन ऐकायला देऊळच फिरलं अशी आख्यायिका आहे. नंदी मागच्या बाजूला राहिला तो त्यामुळे, असं दाखवून सांगतात. आता ते अभंग कवटीतून ऐकत कुणी पाण्यात हात मारत असेल तर वारकऱ्यांनी हरकत घ्यावी असं मला तरी वाटत नाही.

याचे भाऊबंद बरेच. त्यांतून निवड करायची तर आधी घराणं बघावं लागतं. एक घराणं कानात शिरणाऱ्यांचं. सोनीचा तो वॉकमन या घराण्यातला: दोन्ही कानांत रबरी बोंडं, आणि पोहण्यासाठीच्या बोंडांवर पाणी अडवणारा पातळ पडदा. बोंड कानात चपखल बसलं तर आवाज या हाडवाल्यापेक्षा सरस. गायकाचा श्वास, तबल्याची चाट सगळं लागतं. पण चपखल बसलं तर. प्रत्येकाच्या कानाचं भोक वेगळं, एका माणसाचे दोन कानही सारखे नसतात. एक थेंब मधे शिरला की गाणं भिंतीपलीकडे जातं. दुसरं घराणं हाडावर बसणाऱ्यांचं, त्यात हा आपला घुमा आणि फिनिस नावाच्या अमेरिकन कंपनीचे गॉगलच्या पट्ट्यात अडकवायचे, गालाच्या हाडावर टेकणारे. या घराण्याला कानात शिरावं लागत नाही, म्हणून ज्यांना कानात काही घातलेलं सोसत नाही त्यांना हे बरं. कानात साधी मेणाची किंवा सिलिकॉनची बोंडं घातली तर गाणं उलट अजून बरं. पडद्याला छिद्र असलेल्यानं तर कानाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुठल्याच पाण्यात डोकं घालू नये, मग गाणं असो नसो.

तिसरं घराणं तोतयांचं. हजार-दीड हजारात मिळतात, खोक्यावर "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असतं, खाली बारीक अक्षरांत आयपीएक्स ७. या आकड्याचा अर्थ एवढाच की स्वच्छ, स्थिर पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास ठेवला आणि बिघडला नाही. कुणी त्याला घेऊन सूर मारलेला नाही, भिंतीला लाथ मारून वळलेला नाही, त्यावर क्लोरीन नाही, मीठ नाही. कमरेला दोर बांधून विहिरीत तरंगलेल्या पोरानं "मला पोहता येतं" म्हणावं तसं हे प्रमाणपत्र. वरची पायरी आयपीएक्स ८. तिथं खोली आणि वेळ कंपनी स्वतः जाहीर करते, म्हणून ते वाक्य शोधून वाचायचं. ओपनस्विमवाले दोन मीटर खोल दोन तास म्हणतात, सोनीवाले दोन मीटर अर्धा तास आणि खारं पाणीही चालेल म्हणतात. आठाचा आकडा आहे म्हणून नळाच्या जोराच्या धारेखाली धरला तर टिकेलच असंही नाही. धारेची परीक्षा वेगळी असते. आणि ब्लूटूथवाले तोतये तर जलरोधक असूनही पाण्याखाली मुके, कारण वर सांगितलं. पैसे वाया घालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हा.

आता राहिला प्रश्न पाण्याचा. खरेदीच्या सल्ल्यांमध्ये तो कुणी विचारत नाही, कारण सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निळ्या फरशीचा तलाव असतो. आमच्याकडे पाणी चार-पाच प्रकारचं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

विहीर आधी. या भागातली बहुतेक माणसं विहिरीत शिकली. पाठीला वाळका भोपळा, नाहीतर पांगऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, तोही नसला तर तेलाचा पत्र्याचा डबा तोंड बंद करून. अलीकडे पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. कमरेला दोर आणि दोराचं टोक काठावरच्या काकाच्या हातात. शिक्षण सगळं तोंडी. "पाय मार! पाय! हात कशाला आवळलास, पसर! तोंड मिट!" विहिरीच्या गोल भिंतींमुळे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. पोरगं पोहायला शिकतं ते अर्धं पाण्यामुळे आणि अर्धं त्या ओरडण्यामुळे. पुढं पट्टीचा पोहणारा झाल्यावरही काठाचा आवाज सुटत नाही. वरून कोणी उडी टाकणार असेल तर आधी ओरडतो, "सरक रे!" खालच्यानं ते ऐकून भिंतीला धरायचं असतं. ऐकलं नाही तर वरचा थेट डोक्यावर. वरून बसलेल्या मुटक्यानं मानेची हाडं मोडलेली माणसं तालुक्याच्या गावी कुणीही दाखवील. अशा जागी कवटीत आनंद शिंदे भरून उतरणं म्हणजे काय, हे आजीनं एका वाक्यात विचारलं होतं: "हाक मारली तं ऐकू यील का तुला?" भाचा म्हणाला, कान मोकळे असतात, बाहेरचंही ऐकू येतं. काठावर, हवेत, येतं. तोंड पाण्यात असताना येत नाही, आणि आलं तरी कुठून आलं ते कळत नाही. आजीला ४.५ रिश्टरचा जेवढा अनुभव, तेवढाच पाण्याचाही.

कॅनॉल त्याहून वाईट. पूर्णेवर वर येलदरी, तिच्या खाली सिद्धेश्वर, आणि सिद्धेश्वरहून निघालेले कालवे वसमतकडच्या उसाला, हळदीला पाणी नेतात. पाण्याची पाळी सुटली की कॅनॉल काठोकाठ वाहतो आणि पोरं पुलावरून उड्या टाकतात. वाहतं पाणी असल्यानं हात न मारताही पुढं जाता येतं, तीच त्याची मजा आणि तेच त्याचं संकट. पुढं सायफन आहे, जाळी आहे, दार आहे. काठावरून कुणी धावत येऊन ओरडलं तर ते ऐकण्यावरच जीव असतो. धरणाच्या फुगवट्याचं पाणी, सिद्धेश्वरचं असो की कळमनुरीच्या शिवेवरच्या इसापूरचं, वरून शांत. खाली बुडालेली झाडं, जुन्या बांधांच्या ओळी, मासेमारीची जाळी. तिथं एकट्यानं पोहूच नये. दोघं पोहत असतील तर दुसऱ्याचं ऐकू यावं म्हणूनच तो दुसरा असतो.

आणि शेततळं. गेल्या काही वर्षांत शिवारभर झाली, आत पाचशे मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद अंथरलेला. पाणी निळंशार दिसतं, तलावासारखंच वाटतं. पण कागदावर शेवाळ धरलं की चारही बाजू गुळगुळीत उतरणी होतात. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन पुन्हा पुन्हा घसरतो, पकडायला काही नसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेततळ्यात पोरं गेल्याची बातमी दरवर्षी वाचावी लागते. कडेला दोर आणि ट्यूब बांधलेली शेततळी हातावर मोजण्याइतकी. तिथं हेडफोन कोणता घ्यावा हा प्रश्नच उद्धट आहे. आधी दोर घ्या.

मग घुमा कुठला? तो तलावाचा. चार भिंती, तळाशी काळी पट्टी, पंचवीस मीटर गेलं की वळायचं, पंचवीस मीटर आलं की वळायचं, काठावर शिट्टीवाला जीवरक्षक बसलेला. डॉक्टरांनी पाठीसाठी नाहीतर गुडघ्यासाठी पोहायला सांगितलेली माणसं तिथं येतात, भाचाही त्यातलाच. विहिरीतल्या पोहण्यात मजा असते म्हणून ते व्यायाम वाटत नाही. तलावातलं पोहणं व्यायाम असतो म्हणून त्यात मजा आणून घालावी लागते. काळ्या पट्टीकडे बघत चाळीस मिनिटं काढणं ही शिक्षाच. घड्याळ दिसत नाही, फेऱ्या मोजताना चुकतात. गाणी भरलेली असली की हिशेब सोपा होतो: सावकाश पोहणाऱ्याला पंचवीस मीटरला चाळीसेक सेकंद लागत असतील तर चार मिनिटांच्या गाण्यात सहा फेऱ्या. भीमसेनजींचा एखादा अभंग घोळवत लांबला तर आणखी दोन फुकटात पदरात. तिथं, फक्त तिथं, हा घुमा सोबती म्हणून शोभतो. शर्यतीच्या पोहण्यात त्याचं काय काम. तिथं पाणी आणि प्रतिस्पर्धी पुरेसे असतात.

विषय ऐकण्याचा निघालाच आहे तर एक सांगायचं राहतं. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेझर, आणि काम एकच: अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर अवकाशाला जो थरकाप सुटतो तो पकडायचा. तो थरकाप प्रोटॉनच्या व्यासाच्या काही हजाराव्या हिश्श्याइतका. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला तो पहिल्यांदा टिपला. त्याची कंपनं माणसाच्या कानाला झेपणाऱ्या पट्ट्यात होती, म्हणून शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर वाजवून दाखवली. पाखरानं एकदाच किलबिल करावी एवढा, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा आवाज. तिथंही हवेचा संबंध नाही. अवकाशातून हवा नसताना आलेला थरकाप आणि कवटीतून हवा टाळून आलेला अभंग, हे दोन्ही एकाच तालुक्यात यावेत यामागं कुठलाही अर्थ नाही. पण गावातल्या पोरांना लायगो समजावायचं तर तो स्टीलचा डबा आणि घुमा घेऊन शाळेत जावं, असं मी एका मास्तरांना सुचवलं आहे. त्यांनी डबा आणायचं कबूल केलं.

घुम्याची चाकरी फार नाही, पण रोजची आहे. पाण्यातून काढला की साध्या पाण्यानं विसळायचा, क्लोरीन किंवा मीठ वाळू द्यायचं नाही, चार्जरचे धातूचे ठिपके कोरडे करायचे. ओला असताना चार्जिंगला लावला तर ते ठिपके गंजतात आणि मग तो कायमचा उपाशी. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर टाकला तर आमच्याकडच्या मे महिन्यात बॅटरीच सुजायची. एवढं सांभाळलं तर काही वर्षं गातो. नंतर बॅटरी म्हातारी होते. आठ तास चालणारा पाचवर येतो, मग दोनवर. आणि इथं त्याच्या स्वभावातला सर्वांत मोठा दोष उघडा पडतो: पाणी आत जाऊ नये म्हणून तो सगळीकडून चिकटवून बंद केलेला असतो. बॅटरी बदलायची सोय नाही. जे त्याला पाण्यात जगवतं तेच त्याला शेवटी मारतं.

हे दुकानदाराला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. गाणी भरून झाली होती. त्यानं ठोकळा भिंगाखाली धरला, नखानं कड चाचपली, फोनची काच उचकटायची पातळ पट्टी लावून बघितली, स्क्रूड्रायव्हरचा अख्खा संच समोर असूनही त्याला एकही हत्यार उचलता आलं नाही. "सायेब, ह्याला स्क्रूच नाही." मग त्यानं तो डोक्यात घातला. अभंग सुरू झाला असावा, कारण मान डोलायला लागली. तेवढ्यात एक बाई चार्जर बदलून मागायला आली. त्यानं तिचं म्हणणं ऐकलं, बदलून दिला, पैसे मोजले, आणि मान डोलायची थांबली नाही. कान मोकळे ठेवण्याचा खरा फायदा कुणाचा, हे त्या हेडफोनच्या कारखानदाराला कळलंही नसेल.

"म्हंजे गाणं बी ऐकू येतं आन् गिऱ्हाईक बी," तो म्हणाला. "कितीला पडलं?"

भाच्यानं आकडा सांगितला. पाच आकडी.

दुकानदारानं तो डोक्यातून काढून काउंटरवर ठेवला, रुमालानं पुसला आणि भाच्याकडे सरकवला. "एवढ्यात तं एक एचपीची पाणबुडी मोटार येती. ती बी पाण्यातच ऱ्हाती. आन् जळाली तं वायंडिंग तरी करून मिळती."